पाला आणि फॉस्फेट

पश्चिम केनियातील मक्याच्या कित्येक शेतांत लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरदाला इतके घट्ट धरून ठेवतात, की तो मातीत असूनही मुळांना पुरेसा मिळत नाही. तेथील बांधांवर वाढणाऱ्या टिथोनियाच्या, म्हणजे मेक्सिकन सूर्यफुलाच्या, कोवळ्या वाळल्या पाल्यात सुमारे 3.5 टक्के नत्र आणि 4 टक्के पालाश असते. स्फुरद मात्र जेमतेम 0.35 टक्के, त्यामुळे हा पाला गाडून नत्राची गरज भागली तरी स्फुरदाची उणीव फॉस्फेट खतानेच भरून काढावी लागते. शिवाय हिरव्या पाल्यात पाण्याचाच वाटा मोठा असल्याने तोडणीची आणि वाहतुकीची मजुरी जड जाते, आणि ही अडचण शास्त्रीय चर्चेत पुरेशा गांभीर्याने घेतली पाहिजे.

टिथोनियाऐवजी कोणताही काडीकचरा चालतो, हा समज तर घातकच आहे. नत्र कमी असलेली मक्याची ताटे जमिनीत मिसळली, की ती कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र उचलतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. अशी ताटे आधी कंपोस्टमध्ये कुजवावीत किंवा त्यांच्यासोबत युरिया द्यावा.

2006 साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रांनी खतांचा सरासरी वापर हेक्टरी 8 किलोंवरून 50 किलोंवर नेण्याचा संकल्प केला. सेंद्रिय पदार्थ संपलेल्या जमिनीत मात्र केवळ खताची मात्रा वाढवून अपेक्षित उत्पादन येत नाही.