पियानो-संगीतातील रात्र व आकाश

पियानो-संगीतातील रात्र व आकाश : रात्र, चांदणे, तारे, राशी इत्यादींपासून प्रेरणा घेऊन पियानोसाठी रचलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत. त्यात दोन प्रवृत्ती दिसतात : रात्रीची भाववृत्ती स्वरांतून जागविणे, ही पहिली, आकाशाच्या रचनेवरून संगीताची बांधणी करणे, ही दुसरी.

पहिल्या प्रवृत्तीचा प्रमुख आविष्कार म्हणजे ‘नॉक्टर्न’ (निशागीत) हा रचनाप्रकार. आयरिश पियानोवादक जॉन फील्ड (१७८२–१८३७) याने तो एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केला. फ्रेदेरिक शोपँने (१८१०–४९) तो परिणत केला. त्यात डाव्या हाताने स्वरसंघातातील स्वर सुटेसुटे वाजतात व उजव्या हाताने गेय धून आळविली जाते. पायपट्टी दाबल्याने तारा मोकळ्या राहून आधीचे स्वर नव्या स्वरांत मिसळतात. रात्रीच्या गूढतेचा प्रत्यय मुख्यतः या अनुनादामुळे येतो.

शीर्षक नेहमी संगीतकाराचेच असते असे नाही. बेथोव्हेनच्या १८०१ मधील सोनाटाला ‘मूनलाइट’ हे नाव त्याच्या मृत्यूनंतर, समीक्षक लूटव्हिख रेलश्टाप याच्या वर्णनावरून मिळाले. उलट क्लोद दब्यूसीने ‘क्लेअर द ल्यून’ (चांदणे, प्रकाशन १९०५) हे नाव स्वतःच दिले. त्याच्या १९१३ च्या प्रील्यूड-संग्रहातील चांदण्याविषयीच्या रचनेचे शीर्षक १९११ च्या दिल्ली दरबाराच्या फ्रेंच वृत्तपत्रीय वर्णनातून आल्याचे मानले जाते.

दुसरी प्रवृत्ती विसाव्या शतकातील. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने ‘एट्यूड्स ऑस्ट्रेल्स’ (१९७४–७५) या ३२ रचनांसाठी दक्षिण आकाशाचे तारानकाशे वापरले. ताऱ्यांच्या स्थानांवरून स्वर मिळाले, तर निवड यीजिंग या चिनी ग्रंथाच्या आधारे यदृच्छेवर सोपविली गेली. येथे संगीतकाराची आवडनिवड जाणूनबुजून दूर ठेवलेली असली, तरी वादनाचे आव्हान मोठे आहे. कारण दोन्ही हातांचे भाग परस्परांपासून स्वतंत्र आहेत. जॉर्ज क्रम (१९२९–२०२२) याच्या ‘मॅक्रोकॉस्मॉस’च्या पहिल्या दोन भागांत (१९७२, १९७३) प्रत्येकी बारा राशींशी निगडित बारा रचना आहेत. पियानोचा आवाज विद्युत्‌ साधनांनी वाढविलेला असून तारा हातांनीही छेडल्या जातात. ‘स्पायरल गॅलॅक्सी’ ही रचना सर्पिलाकार स्वरलेखनात लिहिलेली आहे.

हिंदुस्थानी संगीतातही मालकंस, दरबारी कानडा इ. राग रात्रीचे मानले जातात. मात्र तेथे प्रहर हा रागाच्या गायनाचा संकेत असतो, वर्णनाचा विषय नव्हे. पियानोवरील निशागीत दिवसाही वाजविता येते. त्यातील रात्र स्वरांनीच निर्माण करावी लागते.