खोडलेली नोंदही आता मागे उरते

७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नाहीच. त्याच ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या.

तो धक्का पुढच्या कायद्यांत उतरला. २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. दोषी लेखापरीक्षकावर ते दहा वर्षांपर्यंत बंदी घालू शकते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक व्यवहारातला प्रत्येक बदल तारखेसह टिपलाच पाहिजे आणि ‘ऑडिट ट्रेल’ नावाची ही सोय बंद करता येता कामा नये. मार्चअखेरीस रात्री उशिरा कोणी बिलाची रक्कम फिरवली, तर जुना आकडाही उरतो. ही सोय वर्षभर चालू होती का, तिच्यात कोणी ढवळाढवळ केली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. पूर्वी नमुन्यादाखल काही पावत्या तपासल्या जात. आता संगणक लाखो नोंदी चाळून रविवारच्या, दुबार किंवा मंजुरीच्या मर्यादेला जेमतेम खालून टेकणाऱ्या नोंदी वेगळ्या काढतो.

मात्र पहिलीच नोंद खोटी असेल, तर हा माग गप्प राहतो. तिथे थेट बँकेकडूनच शिलकीची खात्री करून घ्यावी लागते.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर तिच्या वार्षिक अहवालातला ‘ऑडिट ट्रेल’चा परिच्छेद जरूर वाचा.