घरगुती एस्प्रेसो यंत्राची निगा

लग्नसमारंभात वाफेच्या फवाऱ्याने दूध फेसाळून दिली जाणारी कॉफी आपल्याकडे दीर्घकाळ ‘एस्प्रेसो’ या नावानेच ओळखली गेली. इटलीत जन्मलेली मूळ एस्प्रेसो मात्र निराळी आहे. तीत बारीक दळून घट्ट दाबलेल्या कॉफीच्या थरातून गरम पाणी साधारण अर्ध्या मिनिटात, मोठ्या दाबाने पार केले जाते. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांच्या १९०१ सालच्या यंत्रात हा दाब वाफेपासून मिळे. त्याच शहरातील आकिले गाज्जा यांनी १९३८ मध्ये वाफेऐवजी केवळ गरम पाणी कॉफीतून नेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि १९६१ च्या ‘फाएमा ई ६१’ या यंत्रात विजेच्या पंपाचा उपयोग झाला. आजच्या घरगुती यंत्रांपैकी बहुतेक पंपावरच चालतात. त्यांत कॉफीवरील दाब सुमारे ९ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट, आणि पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे अशी अपेक्षा असते.

एवढा दाब व एवढी उष्णता सहन करणाऱ्या यंत्रात दोन प्रकारचे मळ साचतात. एक कॉफीतून येतो, दुसरा पाण्यातून. त्यांचे गुणधर्म परस्परांहून भिन्न असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही. यंत्राच्या निगेचे सारे शास्त्र या एका भेदात सामावलेले आहे.

पहिला मळ तेलकट असतो. अरेबिका जातीच्या बियांत वजनाच्या सुमारे १५ टक्के आणि रोबस्टात सुमारे १० टक्के स्निग्धांश असतो. कागदी गाळणीत तो बराचसा अडकतो; एस्प्रेसोच्या धातूच्या गाळणीतून मात्र तो पेल्यात उतरतो आणि वाटेत जाळीला, झडपेला व नळीला चिकटून राहतो. उष्णता व हवा यांच्या संपर्काने हे तेल खवट होते. पेला लहान आणि अर्क दाट असल्यामुळे थोडासा खवटपणाही जिभेला लगेच जाणवतो. कॉफी एकाएकी कडवट लागू लागली, तर बियांना दोष देण्यापूर्वी जाळी काढून पाहावी.

यावरील उपाय सोपा आहे. प्रत्येक पेल्यानंतर चोथा टाकून गाळणी धुवावी, आणि कॉफी न भरता थोडे गरम पाणी वाहू द्यावे. आठवड्यातून एकदा गाळणीची वाटी व वरची जाळी काढून एस्प्रेसो यंत्रासाठी मिळणाऱ्या अल्कधर्मी चूर्णाच्या गरम द्रावणात भिजवावी. अल्क तेलाचे अंशतः साबणात रूपांतर करतो, म्हणून चिकटलेला थर सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र या द्रावणात काळवंडतात. ते वेगळे ठेवावेत. कॉफी उतरल्यावर उरलेला दाब ट्रेमध्ये सोडणारी तिहेरी झडप ज्या यंत्रात असते, तेथे छिद्र नसलेली वाटी लावून, चिमूटभर चूर्ण टाकून, पंप दहा सेकंद चालू व मग बंद असे चार-पाच वेळा करावे. नंतर तीच क्रिया स्वच्छ पाण्याने पुन्हा करावी. ही झडप नसलेल्या यंत्रात हा प्रयोग करू नये, कारण कोंडलेला दाब बाहेर पडण्यास तेथे वाटच नसते.

दुधाची नळी सर्वांत अधीर असते. दूध फेसाळताच ती ओल्या फडक्याने पुसावी व क्षणभर वाफ सोडावी. दोन मिनिटांचा उशीर झाला, तरी दुधातील प्रथिने तापलेल्या धातूवर घट्ट बसतात.

दुसरा मळ चुन्याचा असतो. कठीण पाण्यातील विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटन पावते आणि अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर तापकावर बसतो. हा थर उष्णता अडवतो, अरुंद छिद्रे बुजवतो आणि सुरक्षा-झडपही जाम करू शकतो. दाबाच्या यंत्रात ही शेवटची गोष्ट धोक्याची होय. हा थर आम्लाने विरघळतो. बाजारात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल यासाठी पुष्कळदा वापरतात. मात्र प्रमाण व अवधी निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा आणि नंतर टाकीभर स्वच्छ पाणी वाहू द्यावे. अल्कधर्मी चूर्ण व आम्ल एकत्र केल्यास ती एकमेकांना निष्प्रभ करतात. क्लोरिनयुक्त विरंजक तर यंत्रात कधीच घालू नये. आम्लाशी त्याचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट दिली जाते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले विंधणविहिरीचे पाणीही यंत्रास घातक ठरू शकते. उलटपक्षी, घरगुती शुद्धीकरण यंत्रातून निघणारे जवळजवळ क्षारहीन पाणीही निर्दोष नव्हे. त्यात कॉफीची चव फिकी उतरते, धातू झिजू शकतो, आणि काही यंत्रांतील विद्युतवाहकतेवर चालणारा पातळीदर्शक अशा पाण्याला ओळखतच नाही. म्हणून दोन्ही पाण्यांचे योग्य मिश्रण करणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

उरतात किरकोळ गोष्टी. दांडी अडकवण्याच्या जागेचे रबरी कडे उष्णतेने कडक होते. कडेने पाणी गळू लागले की ते बदलावे. कोणताही भाग उघडण्यापूर्वी वीज तोडावी, वाफ सोडून द्यावी आणि यंत्र निवू द्यावे. रोजचे मिनिटभराचे काम व योग्य पाणी यांची जोड मिळाली, तर तीव्र रसायनांची गरज क्वचितच भासते. आम्लाने वारंवार धुवावे लागणारे यंत्र आपल्या पाण्याविषयीच तक्रार करीत असते.