ग्रहण, विळी आणि अंड्यातले निरोप

केळझरला माझी आत्या राहते. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे हे गाव. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रा नगरी हीच, असे गावकरी अभिमानाने सांगतात. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, खंडग्रास सूर्यग्रहण होते. आत्याची सून सात महिन्यांची गरोदर. आत्याने विळी, कात्री सारे फळीवर टाकले आणि सुनेला आतल्या खोलीत बसवले. मी हसलो.

"माह्या मोठ्याचा ओठ पाह्यला ना, बाबू?" आत्या एवढेच म्हणाली.

थोरला दुभंगलेल्या ओठाचा जन्मला. 16 फेब्रुवारी 1980 च्या ग्रहणात हिने वांगी चिरली, हे वाक्य आत्याने सासरी जन्मभर ऐकले.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून गर्भविज्ञानाची पुस्तके उघडली. गर्भाचा वरचा ओठ अखंड निपजत नाही. नाकागालांकडचे मांसल उंचवटे वाढत वाढत सहाव्या-सातव्या आठवड्यात एकमेकांना जुळतात. त्यांना सांगते कोण? शेजारच्या पेशी! एका पेशीतले जनुक जागे होते, वृद्धिघटक नावाचे प्रथिन बनते, शेजारीण ते झेलते आणि तिच्यातली काही जनुके जागी होतात, काही निजतात. निरोप तोच, पण जागा आणि वेळ बदलली की काम वेगळे. शब्द तोच, वाक्य बदलले की अर्थ बदलतो, तसेच हे!

आईच्या पोटातले हे बोलणे ऐकायचे कसे? शास्त्रज्ञांनी कोंबडीचे अंडे जवळ केले. कवचाला खिडकी पाडली की गर्भ समोर दिसतो. 1995 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा एका वृद्धिघटकात भिजवलेला इवलासा मणी पिलाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधोमध, ठेवला. तिथे चक्क एक जादा अवयव फुटला! आपले पुणेही यात मागे नाही. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी 1950 च्या दशकात एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम केले आणि पुढे पुणे विद्यापीठात ही विद्या रुजवली. आघारकर संशोधन संस्थेतून 2001 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की त्याच घराण्यातल्या वृद्धिघटकांचा निरोप अडवला तर पिलाच्या मज्जासंस्थेची घडणच बिघडते.

माणसाच्या दुभंगलेल्या ओठामागे कधी याच निरोपांच्या जनुकांतला दोष असतो. बहुधा आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधे अशी अनेक कारणे एकत्र येतात. विळीचा त्यात कुठे पत्ता नाही.

सुनेला मुलगी झाली, धडधाकट. पुढच्या दिवाळीला मी आत्याला विचारले, "थोरला कधीचा?"

"जूनचा."

"मग ग्रहणाला कितवा महिना?"

आत्या बोटांवर मोजू लागली. "पाचवा."

ओठ जुळायची वेळ त्याआधीच केव्हा उलटून गेली होती, ते मी सांगितले. तिने पुन्हा एकदा मोजले. मग पदराने हात पुसत म्हणाली, "सासूबाई आज असाले पाहिजे होत्या."