खोली द्यावी कुणाला, नाही म्हणावे कसे?

उद्यमबागेतील कारखाने, मच्छे येथील तांत्रिक विद्यापीठ आणि नेहरूनगरचे वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे बेळगावच्या भोवतालच्या मराठी गावांत शेतकऱ्याच्या घराला मागे किंवा वर दोन-चार खोल्या वाढल्या आहेत. भाताच्या पैशाचा भरवसा नाही. भाडे महिन्याला हातात पडते. साहजिकच दाराशी ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते. ती वाचून येणारा माणूस चंदगडचा असतो, गदगचा असतो, बिहारचाही असतो. आणि तो उंबऱ्यात उभा राहिला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “मराठी काय कानडी?”

१ नोव्हेंबर १९५६ पासून हाच प्रश्न सीमाभागातील मराठी माणसाला कचेरीच्या खिडकीत टोचत आला आहे, हे येथील वाचकांना सांगावयास नको. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो लढा आपल्या जागी आहे. पण खोली मागणाऱ्याचा त्यात काय दोष? भाडे थकते ते भाषेमुळे थकत नाही. आपली पोरे नोकरीसाठी बंगळूरला जातात, तेव्हा तेथील घरमालकाने भाषा पाहून दार लावले तर आपल्याला काय वाटेल?

म्हणून पाटी लावण्याआधीच आपल्या अटी वहीत लिहून काढाव्यात. भाडे किती, अॅडव्हान्स किती, एका खोलीत माणसे किती, पाणी किती वेळ, विजेचा मीटर वेगळा की सामाईक. घरात मांसमच्छी चालत नसेल, रात्री दहाला फाटक बंद होत असेल, तर तेही आधीच सांगावे. येणाऱ्या प्रत्येकाला त्याच अटी, तेच प्रश्न. भाडे त्याच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असले म्हणजे सहसा थकत नाही. फौंड्रीत कंत्राटावर काम करणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. तेवढ्यावरून त्याला परत पाठवू नये, बँकेचे पासबुक पाहावे. विद्यार्थी असेल तर वडिलांशी बोलावे.

पूर्वीच्या घरमालकाला फोन जरूर करावा. भाडे वेळेवर येत होते का, आणि पुन्हा खोली द्याल का, हे दोनच प्रश्न पुरेत. मात्र सध्याच्या घरमालकाची स्तुती जपूनच ऐकावी. त्रासदायक भाडेकरू टळावा म्हणून तो तोंडभरून कौतुक करील! त्याच्या आधीचा घरमालक खरे सांगण्याची शक्यता जास्त. दोघे-तिघे सारखेच योग्य वाटले तर जो पहिला आला त्याला खोली द्यावी. त्यासाठी नावापुढे तारीख टाकण्याची सवय ठेवावी.

कायद्याने घरमालकाला निवडीची मोकळीक बरीच आहे, पण ती अमर्याद नाही. अस्पृश्यतेच्या भावनेतून एखाद्याला राहण्याची जागा नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘आडनाव काय’ असे घोळवून विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. करारपत्र अकरा महिन्यांचे करतात, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची आहे. करार कन्नडमध्ये टाइप झाला असेल तर जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. भाडेकरूला कन्नड येत नसेल तर त्यालाही तो वाचून दाखवावा.

आता नाही म्हणण्याचे. आपल्याकडे तोंडावर नकार देणे जड जाते. मग “उद्या या”, “मुलाला विचारून सांगतो” सुरू होते, आणि तो बिचारा बसभाडे खर्चून चार खेपा घालतो. हा भिडस्तपणा नव्हे, ही छळणूक आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी निरोप द्यावा. कारण अटीतलेच सांगावे: “खोली तिघांची, तुम्ही पाचजण आहात,” किंवा “अॅडव्हान्स एकदम लागेल, हप्त्याने जमणार नाही.” खोली रिकामी असताना “भरली” म्हणू नये, आठवड्याने तीच पाटी त्याला दिसते, आणि मग तो आपल्या नकाराचे कारण भाषेत किंवा जातीत शोधतो. विसार एकाकडूनच घ्यावा, व्यवहार आपल्याकडून मोडला तर पुरता परत करावा. नाकारलेल्या माणसाच्या आधारकार्डाची झेरॉक्स त्याला देऊन टाकावी, कपाटात साठवू नये.

कन्नड भाषिकाला त्याच्या भाषेत सांगायचे तर वाक्य सोपे आहे, “मने बेरेयवरिगे कोट्टिद्देवे.” घर दुसऱ्यांना दिले आहे, एवढाच त्याचा अर्थ. अर्थात खरोखर दिले असेल तेव्हाच म्हणायचे.