पडद्यामागे आपला माणूस कधी बसणार?

शहापूर-मुरबाडच्या वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईचा अंगठा विटा उचलून गुळगुळीत झालेला असतो. रेशन दुकानातले यंत्र तो ओळखत नाही. दुकानदार सांगतो, उद्या या. मजुरी बुडते आणि वर बाईलाच अडाणी ठरवले जाते. खरे अडाणी ते यंत्र! ज्याने त्याची आखणी केली, त्याच्या डोळ्यांसमोर विटा वाहणारा हात कधी आलाच नव्हता.

यंत्राचा, मोबाईलचा वा संगणकाचा पडदा वापरणाऱ्याच्या सोयीचा कसा असावा, हे ठरविण्याच्या कामाला युजर एक्सपिरिअन्स डिझाइन, थोडक्यात यूएक्स म्हणतात. नाव विलायती असले तरी काम आपल्या परिचयाचे आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले गेले. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती ओळखायला अक्षरांची गरज नव्हती. पुढे मतदान यंत्र आले. त्याच्या रूपाची आखणी पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांनी केली. (यंत्राच्या विश्वासार्हतेवर चळवळीचे आक्षेप आहेत, तो वाद स्वतंत्र आहे.)

हे सेंटर 1969 साली सुरू झाले. आसनगावहून लोकलने कांजूरमार्गला उतरले की पवई जवळच. तानसा-भातसाचे पाणी शहापुरातून रोज मुंबईला पोहोचते. पण ज्या वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील किती मुले त्या फाटकातून आत गेली?

मुख्य अडचण माहितीची आहे. डिझाइन म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचा छंद, असा आपल्याकडे समज आहे. पवईत 2015 पासून बी.डेस. हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. प्रवेश यूसीड परीक्षेतून होतो. ती जानेवारीत असते आणि तिच्यात चित्र काढण्याचाही भाग असतो. पदवीधरांसाठी सीड ही परीक्षा असून तिला वयाची अट नाही. अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना 7.5 टक्के, ओबीसींना 27 टक्के जागा राखीव आहेत. अनुसूचित जाती-जमातींना परीक्षा शुल्कही कमी आहे.

प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीत! मराठी शाळेतला हुशार मुलगा तिथेच अडतो. शिवाय नोकऱ्या बहुतांशी खाजगी कंपन्यांत, जिथे आरक्षण नाही. तिथे प्रमाणपत्रापेक्षा केलेल्या कामाचा संग्रह पाहतात. या ठिकाणी आपली मुले कमी नाहीत. मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर प्रवासी फलक कसा वाचतात, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना विद्यार्थी नेमका कुठे अडकतो, आजीला मोबाईलवरचे कोणते बटण सापडत नाही, हे त्यांनी पाहिलेले असते. ते नोंदवावे, चार जणांना विचारावे, नवा पडदा कागदावर काढावा, पुन्हा त्याच माणसांच्या हाती देऊन पाहावा. कामाचा संग्रह असाच तयार होतो. लाखभर रुपये घेऊन सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासची त्यासाठी गरज नाही.

1942 साली बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची मागणी केली होती. कारकुनीपुरते शिक्षण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. आपण मात्र अजून मुलांना पोलीस भरती आणि डी.एड. एवढेच दोन रस्ते दाखवतो. जयंतीच्या डीजेला कमी पडत नाही, विहारात एक संगणक ठेवायचा म्हटले की वर्गणी आटते!

मुंबई-पुण्यात संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी महिन्यातला एक रविवार शहापूरच्या विहारात द्यावा आणि इंग्रजी प्रश्नपत्रिका मराठीतून समजावून सांगाव्यात. यूसीडचे अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. बारावीच्या मुलामुलींच्या घरी त्याआधी पोहोचायला हवे.