हत्तीचं शेण आणि काकांचा प्रश्न

"थंय जावन हत्तीचा शेण काढतलंस, आणि वर पैसेय तूच भरतलंस? मगे आमच्या बागेतला कोण काढतलो?"

सिंगापूरहून केलेल्या फोनवर काकांनी हा प्रश्न टाकला, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. सुट्टीतले आठ दिवस मी थायलंडच्या एका डोंगरी गावात हत्तींची देखभाल करायला स्वयंसेवक म्हणून जातोय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. प्रश्न मात्र विमानातही डोक्यातून गेला नाही.

आमचं घर दोडामार्ग तालुक्यात, तिलारी खोऱ्यात. कर्नाटकातून जंगली हत्ती आमच्या भागात उतरले ते २००२ मध्ये. मी तेव्हा शाळेत होतो. पहिल्यांदा परसात पावलं उमटली तेव्हा आजीने त्यावर हळदकुंकू वाहिलं. "गणपती घराक इलो" म्हणाली. तिसऱ्यांदा आले तेव्हा केळीची अख्खी बाग झोपली होती आणि माड मोडून आतला कोवळा गाभा खाल्लेला होता. त्या दिवशी आजी पायरीवर बसून रडली. पुढची कित्येक वर्षं काका रात्री बॅटरी, पत्र्याचा डबा आणि फटाके घेऊन बागेत जागत होते. मी पुण्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला गेलो आणि तिथून सिंगापूरला. गंमत म्हणजे ज्याने आमचं एवढं नुकसान केलं, तो हत्ती मी दिवसाउजेडी जवळून कधी पाहिलाच नव्हता. पाहिलं ते त्याचं पाऊल आणि त्याचं शेण. म्हणूनच ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने या गावाबद्दल सांगितलं तेव्हा मी लगेच नाव नोंदवलं.

जुलैअखेर सिंगापूरहून चिआंग मायला उतरलो. विमानाला तीन तास लागले, पण पुढचा रस्ताच खरा प्रवास. थायलंडचं सर्वांत उंच शिखर डोई इन्थानोन, उंची २,५६५ मीटर. त्याच्या पलीकडे मे चेमचं खोरं. तिथल्या डोंगरांत कारेन लोकांची गावं आहेत. पावसाळा होता. भातखाचरं, धुकं, जळवा, लाकडी घरांतून येणारा चुलीचा धूर. दोडामार्गहून निघून परत दोडामार्गलाच पोहोचलो की काय, असं वाटलं. लोक भेटल्यावर थाईत विचारतात, "किन खाव रु यांग?" म्हणजे, भात खाल्लास का? आमच्याकडे "जेवलंस काय?" विचारतात, अगदी तसंच.

मी ज्यांच्या घरी उतरलो त्या माहुताला सगळे 'फाती' म्हणायचे. मला ते नाव वाटलं. नंतर कळलं, कारेन भाषेत फाती म्हणजे काका.

गावात चार हत्ती होते. थोरली हत्तीण फातींच्या वडिलांच्या काळातली. तरुणपणी तिने जंगलात लाकडाचे ओंडके ओढले. १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमध्ये मोठे पूर आले, डोंगर खचले, माणसं गेली. जंगलतोडीला दोष दिला गेला आणि १९८९ च्या जानेवारीत सरकारने नैसर्गिक जंगलातल्या लाकूडतोडीवर बंदी घातली. जंगलासाठी ते बरंच झालं, पण हजारो हत्ती आणि माहूत एका फटक्यात बेकार झाले. काही शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, बरेच पर्यटकांच्या कॅम्पात गेले. थोरलीनेही कित्येक वर्षं पाठीवर खुर्ची बांधून माणसं वाहिली. मग २०२० साली कोरोना आला, पर्यटक थांबले, कॅम्प बंद पडले आणि चिआंग मायच्या आसपासचे शंभराहून जास्त हत्ती आपापल्या गावाकडे चालत निघाले. लॉकडाऊनमध्ये आपल्याकडची माणसं निघाली होती तसेच. थोरलीही तेव्हाच परतली. आता गावाने ठरवलंय की तिला पुन्हा कॅम्पात पाठवायचं नाही. आमच्यासारख्यांच्या पैशातून माहुतांचा पगार निघतो.

आता कामाचं सांगतो. सकाळी साडेसहाला फातींच्या मागे जंगलात जायचं. हत्तीवर बसायचं नाही, आंघोळ घालायची नाही, लांबून बघायचं. दर पाच मिनिटांनी हत्ती काय करतोय आणि काय खातोय, ते वहीत लिहायचं. ऑफिसात दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला हे काम ओळखीचंच वाटलं. हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त न पचताच बाहेर पडतो. त्यामुळे माझ्या वहीत 'बांबू', 'गवत', 'साल' आणि पुन्हा 'बांबू' एवढंच असायचं. दुपारी चारा कापून आणायचा, संध्याकाळी शाळेतल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं.

फाती मात्र वही न बघता सगळं वाचायचे. सकाळी हत्तीच्या कुशीला माती लागलेली दिसली की खूश, कारण रात्री ती आडवी होऊन झोपली. माती नसेल तर काहीतरी दुखतंय. आणि शेण! ते हातात घेऊन फोडायचे आणि आतले धागे बघायचे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावता येत नाही आणि शेणातले धागे लांब राहतात. थोरलीच्या शेणातले धागे करंगळीपेक्षा लांब होते. फातींनी ते मला दाखवले आणि काही न बोलता हात पुसले. त्या दिवसापासून तिचा चारा बारीक कापायचं काम माझ्याकडे आलं.

रात्री हत्तींना लांब साखळीने बांधतात. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. चौथ्या दिवशी कारण कळलं.

पहाटे पाऊस पडत होता. धाकट्या हत्तिणीची साखळी सुटली आणि ती शेजाऱ्याच्या मक्यात शिरली. मे चेमच्या उतारांवर सगळीकडे मका, तोही बियाणं-खतासाठी कर्ज काढून लावलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा एक पट्टा आडवा झाला होता. मोडलेल्या ताटांचा तो ओला वास नाकात गेला आणि मला आमचं परसच दिसलं.

फातींनी तिला बांधलं आणि तसेच चिखलाच्या पायांनी शेतकऱ्याच्या घरी गेले. मी मागे. शेतकरी तावातावाने बोलत होता. फाती मान खाली घालून ऐकत होते. नंतर दोघे शेतात गेले, ताटं मोजली. सोबतच्या गावातल्या मुलाने मला सांगितलं, की पैसे आजच द्यायचे आणि कापणीला फातींच्या घरातल्या दोघांनी दोन दिवस यायचं. सगळं ठरल्यावर शेतकऱ्याने चहा दिला. मोडलेली ताटं हत्तिणीला न्यायला सांगितली. ती मीच वाहून नेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे नुकसान झालं की पंचनामा होतो. काका व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, मी सिंगापुरात बसून अर्ज टाइप करून देतो. भरपाई कधीतरी मिळते. पण इतक्या वर्षांत "आमच्या हत्तीने तुमचं नुकसान केलं" असं म्हणत कोणी काकांच्या खळ्यात येऊन बसलेलं नाही. जंगली हत्तीला माहूत नसतो, हे मला कळतं. पण पुतण्या तर असतो ना? मी अर्ज केले, पैसे पाठवले. बागेत एक रात्रही जागलो नाही.

निघताना फातींना त्यांच्या भाषेत 'तब्लू' म्हटलं, म्हणजे धन्यवाद. ते हसले आणि थोरलीकडे बोट दाखवून चारा कापण्याची खूण केली. आता ते कोण करणार, असंच विचारलं असणार.

चतुर्थीला घरी गेलो. आरती-जेवणं आटोपल्यावर काकांना सगळं सांगितलं. दाढा, साखळी, कोरोना, यातलं काही त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मक्याचं आल्यावर मात्र सुपारी कातरायचे थांबले.

"त्येणां पैसे कधी दिल्यान?"

"त्याच दिवशी."

"घराक येवन?"

"घराक येवन."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बॅटरी घेऊन उठले. मीही उठलो. "तू खंय?" म्हणाले, पण अडवलं नाही.

बागेच्या कडेला दोन दिवसांपूर्वीचं शेण होतं. मी वाकून ते फोडलं आणि बॅटरीच्या उजेडात काकांना दाखवलं. "धागे बारीक आहेत. म्हणजे दाढा चांगल्या आहेत. हत्ती तरुण असणार."

काकांनी शेणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे अजून खूप वर्सां येतलो तर," ते म्हणाले आणि माझ्या हातात डबा दिला.